रतनचा कौल

अठ्ठ्याऐंशी साली कळव्याच्या कोळीवाड्यातलं कबड्डी मंडळ नुसतं हरत सुटलेलं. जे काही गुण यायचे, ते रतनच्या चढाईवर. त्यालाच मुंबईच्या एका कंपनीने आपल्या संघात नोकरीसकट बोलावलं. रतन म्हणाला, "गावदेवीला कौल लावू. ती सांगेल तसं."

मंडळाचा कोच गोमाजी आणि देवीचा पुजारीही तोच. देवीला लावलेल्या दोन फुलांतलं उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. रतन गेला की मंडळाला कुलूपच. गोमाजीने उजव्या फुलाला ओलं चंदन जाड थापलं आणि देवीकडे न बघता मागे सरकला. आता आपलं काही खरं नाही, असं त्याला वाटत राहिलं.

रतनने डोळे मिटून मनात प्रश्न धरला. थोड्या वेळाने डावं फूल पडलं.

गोमाजीच्या जिवात जीव आला. "बघ रे, देवी नाही म्हणते. आता तिच्या शब्दाबाहेर जाऊ नको."

रतनचे डोळे भरून आले.

"नाही जाणार, काका. पण मी विचारलेलं, मंडळातच राहू का?"