राखाडी झगे

"हाही नको. बाही कोपरापर्यंतच आहे," म्हणत ताईने हिरवा कुडता बाजूला टाकला.

धाकटी बहीण तो उचलून घडी घालत बसली. बाद कपड्यांचा ढीग बॅगेपेक्षा उंच झाला होता.

"तिथे केवढा उकाडा. त्यात पूर्ण बाह्या, पायघोळ झगा, डोक्याला रुमाल. उकडून बटाटा होशील."

"होऊ दे. जावयांनी सांगितलंय तसंच न्यायचं. मागच्या खेपेला तिकीट काढल्यावर नको म्हणाले होते, विसरलीस?"

धाकटी विसरली नव्हती. तीन वर्षं ताईची लेक माहेरी आली नव्हती. तिचा पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात, घराची किल्ली नवऱ्याच्या खिशात, घरात सासूचा पहारा. फोनवर बोलायचं तेही तो शेजारी असतानाच.

"कसला मेला देश," धाकटी पुटपुटली.

"देशाला नावं ठेवू नकोस. तिथल्या बाया अंग झाकून नोकऱ्या करतात, बाजारहाट करतात. दाराला कुलूप आपल्या जावयाने लावलंय."

ताईने शिंप्याकडून आणलेले दोन झगे उलगडले. राखाडी, सैल, अगदी एकासारखा एक. धाकटीने ते ताईच्या अंगाला लावून पाहिले.

"हा चार बोटं लांब आहे. मी देऊन येते परत."

"असू दे." ताईने झगा तिच्या हातातून काढून घेतला. "घोटा दिसता कामा नये."

त्यावर मोठा काळा चष्मा ठेवला. मग काठी.

"ही कशाला? गेल्या महिन्यात माझ्या आधी जिना चढलीस."

"गेला महिना गेला," ताई म्हणाली आणि डावा पाय ओढत कपाटाकडे गेली. ताई म्हातारी झाली, आणि आपल्या लक्षातही आलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर जावई होता. मागे खुर्चीत लेक, मान खाली.

"आई, बॅग भरली? एकेक कपडा दाखवा बघू."

ताई एकेक कपडा उचलून धरत गेली. धाकटी पडद्याकडे बघत होती. आता हा काहीतरी खुसपट काढणार.

"थांबा. दोन एकसारखे कशाला?"

"एक अंगावर, एक दोरीवर. जन्मभर शाळेत शिकवलं, गणवेशाची सवय झालीय."

तो हसला. धाकटीला राहवलं नाही. "एक लांब शिवलाय हो. शिंप्याचं माप चुकलं."

ताईचा हात क्षणभर थांबला.

"लांब असलेला बरा, मावशी," जावई म्हणाला. "झाकलेलं शोभतं."

ताईने झगा घडी करून आत ठेवला. मग लेकीकडे पाहिलं. "काय गं, शाळेच्या नाटकात तू म्हातारी झाली होतीस, आठवतं? महिनाभर तुझ्याकडून चाल घोटून घेतली होती मी."

लेकीने पहिल्यांदाच मान वर केली. "आठवतं."

"इथे येऊन नाटकं नकोत हं, आई," जावयाने टोमणा मारला आणि फोन बंद केला.

ताईने बॅगेची चेन ओढली. एका दमात लागेना.

ताई गेली. पोचल्याचा फोन आला. मग आठवडाभर काहीच नाही. धाकटी घरात नुसती येरझारा घालत होती.

एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई?" धाकटी घाईने म्हणाली. "कशी आहेस? लेक भेटली ना?"

पलीकडे कोणीतरी धापा टाकत होतं.

"मावशी, मी बोलतेय. मी आपल्या वकिलातीत आहे. एकटी."

धाकटीने फोन कानाशी घट्ट धरला. "आणि तुझी आई?"

"घरात आहे, माझ्या अंथरुणात, तोंडावर चादर घेऊन. तो ऑफिसला गेला की माझ्या सासूला सांगणार म्हणाली, चादरीखाली आपण आहोत ते. स्वतःचा पासपोर्ट पोटाशी बांधलाय तिने. आठवडाभर रोज सकाळी ती काठी टेकत फिरायला जायची. रखवालदार फाटक उघडून द्यायचा. आजही त्याने उघडलं, सावकाश जा म्हणाला."

"म्हणजे आज झगा घालून, काठी टेकत तू निघालीस?" धाकटीने विचारलं.

"हो. आणि मावशी, शिंप्याचं माप चुकलं नव्हतं."