साहेबांचा हार

नाशिकच्या कलादालनात मोहिनीनं आख्खं जंगल उभं केलं होतं. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरच्या चाळीस जणांनी आपापली ओळख म्हणून एकेक झाड नाहीतर वेल आणायचा आणि सगळे मिळून जंगल व्हायचं, अशी तिची कल्पना. चिमणाबाईनं सोनेरी, मखमली शेंगा आणल्या. शहरातल्या मोहिनीला त्या फारच आवडल्या.

"ह्या मांडू नको, ताई. मी पावण्यांसाठी हार करते," चिमणाबाई म्हणाली.

पाहुणे होते एक निवृत्त रेंजरसाहेब. बारा वर्षांपूर्वी त्यांनीच चिमणाबाईची जंगलातली झोपडी अतिक्रमण म्हणून पेटवली होती आणि वर विचारलं होतं, "तुझं जंगल? तुझी ओळख काय गं?"

आज साहेबांनी तिला ओळखलंसुद्धा नाही. भाषणात छाती फुगवून म्हणाले, "तीस वर्षं जंगलात काढली. तिथलं पानन् पान ओळखतो मी!"

टाळ्या पडल्या. मग चिमणाबाई पुढं झाली. हाताला लागू नये म्हणून हार तिनं सागाच्या पानावर धरला होता. साहेबांना वाटलं, यांच्यात अशीच रीत असेल. ते कौतुकानं वाकले. तिनं हार गळ्यात घातला आणि त्याच पानानं मानेवर चांगला दाबला.

फोटो निघेपर्यंत साहेब मान खाजवायला लागले. मग गळा, मग छाती. शर्टाची बटणं तुटली.

"काय घातलंस हे?" ते किंचाळले.

"खाजकुहिली हाय, साहेब," चिमणाबाई म्हणाली. "तुमी माझी वळख इचारली व्हती ना?"