नामदिनाची चॉकलेटं

बल्गेरियातल्या सोफिया शहरात एका ऑफिसच्या दाराशी पहारेकऱ्याने सकाळीच चॉकलेटांचा डबा उघडून ठेवला. त्याच्या नावाच्या संताचा दिवस होता; ज्याचा नामदिन त्यानेच इतरांचं तोंड गोड करायचं. पूर्वी दार तोच उघडायचा, तेव्हा लोक त्याच्याकडे बघून हसायचे तरी. आता काचेच्या गेटला कार्ड टेकवलं की माणूस आत. दुपारपर्यंत डबा भरलेलाच होता. तेवढ्यात गेटचा लाल दिवा लागला. हिशेब विभागातल्या बाई जेवून परतल्या होत्या. "काका, उघडा की. रोजचीच आहे मी." "कार्ड वरच्या साहेबांनीच बंद केलंय, मॅडम. तुम्हाला कामावरून कमी केलंय म्हणे. तुमचं सामान खाली आणून देतील." बाई तिथेच उभ्या राहिल्या. मग त्यांना डबा दिसला. "कशाची चॉकलेटं?" "माझा नामदिन आहे." त्यांनी एक उचललं. "नाव काय तुमचं?" "स्पिरिदोन." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं, आणि उद्यापासून त्या येणार नव्हत्या.