सातवा स्विच

डुलुथमधल्या त्या दुकानांच्या रांगेत ऑर्विलचं नवं सलून सातवं. त्याला स्वतंत्र मेन स्विच हवा होता, पण वीज-तपासनीस हॅगलंड काही केल्या ऐकेनात.

"मागच्या भिंतीवर मेन स्विच सहाच चालतात, सातवा नाही. आग लागली तर बंबवाल्याने सहादा हात मारला की सगळी इमारत बंद झाली पाहिजे."

"अहो साहेब, सातव्यांदा हात मारायला असा कितीसा वेळ लागतो?"

"नियम तुझ्या सोयीसाठी नसतात, ऑर्विल."

शेवटी इमारतीच्या मालकाने सलूनची वीज शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या स्विचवर जोडली.

शुक्रवारी दुपारी हॅगलंड स्वतःच खुर्चीत येऊन बसले. संध्याकाळी मुलीचं लग्न होतं. डावी बाजू भादरून झाली आणि मशीन बंद पडलं. डॉक्टर दर शुक्रवारप्रमाणे मेन स्विच पाडून, वर कुलूप ठोकून, तळ्यावर मासे धरायला गेले होते.

हॅगलंडनी आरशात पाहिलं. डावीकडे टक्कल, उजवीकडे जंगल.

"अरे, हे काय? बाकीचं डोकं?"

ऑर्विलने कात्री हळूच खिशात सरकवली.



"ते सातव्या स्विचवर होतं, साहेब."