विजेचा संथ ठोसा

तिने फिल्म पुन्हा मागे नेली आणि ठोसा पुन्हा तसाच आला, रमतगमत. संकलनाच्या कामात वाहिनीवर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण आज तिचा स्वतःच्याच नजरेवर विश्वास बसेना. ज्या ठोशाने बाबांचा डावा डोळा गेला, तो हाच? याहून जोरात तर शेजारीण दार आपटते.

कार्यक्रम उद्याचा होता. जुन्या काळचे दोन हेवीवेट मुष्टियोद्धे त्या लढतीनंतर पहिल्यांदाच एकत्र बसणार होते. तिच्या बाबांना लोक ‘घण’ म्हणायचे, कारण त्यांचा ठोसा बसला की समोरचा उठत नसे. दुसऱ्याला ‘वीज’ म्हणायचे, कारण त्याचा हात कधी गेला आणि कधी आला ते कळत नसे. कोणाचा हात चपळ आणि कोणाचा ठोसा जड, हे ती फिल्मच्या एकेका चित्रावरून मोजून दाखवणार होती. पण हे झालं वाहिनीसाठी. तिला स्वतःला मात्र तो शेवटचा ठोसा त्या माणसाच्या तोंडासमोर धरून सगळ्यांदेखत विचारायचं होतं, एका माणसाला जन्माचा अधू करण्याइतका जोर लावायची गरज होती का?

आणि आता जोरच सापडत नव्हता.

संशय आधी फिल्मवर गेला. विजेच्या नातीने ती माळ्यावर सापडली म्हणून पाठवली होती. म्हणजे आजोबांनी इतकी वर्षं ती दडवून ठेवली होती. का? कुणीतरी वेगाशी खेळ केला असणार. तिने रेफरीची चाल पाहिली, घामाचे उडणारे थेंब पाहिले. सगळं जिथल्या तिथे होतं. त्याच फेरीतले विजेचे बाकीचे ठोसे डोळ्याचं पातं लवायच्या आत जाऊन परत येत होते. हा एकटाच आळशासारखा निघाला होता.

मग ठोशाच्या जरा आधीचं काहीतरी दिसलं आणि तिने फिल्म थोडी मागे नेली. वीज आपला उजवा हात बाबांच्या डाव्या कानापाशी नेऊन नुसताच हलवत होता. थांबला, बाबांच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा हलवला. बाबा ढिम्म. त्यानंतर तो संथ ठोसा आला आणि बाबा आडवे झाले.

ती खूणच होती. दोघांचं आधीच संगनमत झालं होतं. लहानपणापासून ज्या माणसाच्या नावाने ती शाळेत मान ताठ करून चालली, त्याने लढत विकली होती. तिला रडू आलं आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला.

घरी बाबा उद्याच्या शर्टाला इस्त्री करत होते. तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला.

“बाबा, खरं सांगा. हरलात, की हरून दिलंत?”

बाबांनी ही फिल्म कधी पाहिली नव्हती. आता ते उजवा डोळा पडद्याजवळ नेऊन पाहू लागले. “पुन्हा लाव,” म्हणाले. तिने लावली. “पुन्हा.” मग त्यांनी इस्त्री बंद केली आणि पडद्यासमोर बसले.

“हा हात का हलवतोय?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच सांगा. खूण ना ती?”

“मला तो हात दिसलाच नव्हता गं. ठोसाही नाही दिसला. न दिसलेला ठोसा हळू आला तरी पाडतो.” बाबांनी पडद्यावरून नजर काढली. “डोळा आधीच गेला होता, सरावात. डॉक्टरसमोर तक्त्यावरची अक्षरं पाठ करून गेलो आणि रिंगमध्ये उतरलो. हरल्यावर सांगून टाकलं, विजेने डोळा फोडला. वाटलं, त्याला तरी कुठे माहीत आहे!”

ती पडद्यावरच्या थांबलेल्या हाताकडे पाहत राहिली. त्याला माहीत होतं. त्याने नीट खात्री करून घेतली होती आणि मग सगळ्यांत चपळ म्हणून गाजलेला आपला हात जमेल तितका हळू आणला होता, समोरचा पडेल आणि चालत घरी जाईल एवढाच. त्यानंतर लोक रस्त्यात त्याला डोळेफोड्या म्हणत आले, तरी त्याने ही फिल्म कोणाला दाखवली नाही. त्यात ती स्वतःही होती. तिला स्वतःची लाज वाटली.

“उद्या मी काय विचारू त्यांना?” ती म्हणाली.

“तू काही विचारू नकोस. मी बोलतो, सगळ्यांदेखत.” बाबांनी मनगटाने डोळे पुसले, दोन्ही. “तू फक्त त्याची खुर्ची माझ्या उजव्या हाताला ठेव. या वेळी मला तो दिसला पाहिजे.”