केसांसकट सूप

"नाक काय मुरडतोयस? पी की गप!" म्हणत वस्तादांनी सुपाचा वाडगा हैबतीच्या हातात कोंबला.

थंडीत आमच्या तालमीत बोकडाच्या पायांचं सूप वस्ताद स्वतः करायचे. त्या दिवशी सर्दीनं त्यांचं नाक चोंदलं, म्हणून चूल मेहुण्याकडं दिली. मेहुणा रत्नागिरीचा, उभा जन्म मासळी शिजवलेला. पाय आधी जाळावर भाजून केस खरवडायचे असतात, हे त्याला ठाऊकच नाही. पाय तसेच पातेल्यात गेले आणि सकाळभर रटरटले. असा वास सुटला की तालमीचं मांजर गाव सोडून गेलं.

"वस्ताद, ह्यात केसं हाईत! गोठा उकळून प्यायल्यागत लागतंय."

"संध्याकाळी गदेची कुस्ती हाय. अंगात ताकद नको?"

वस्तादांनी दिलेला वाडगा टाकायचा नाही, हा तालमीचा रिवाज. हैबतीनं ओकारी दाबत, जिभेवरचे केस काढत सगळं रिचवलं.

संध्याकाळी समोरच्या आडदांड गड्यानं त्याला खाली घेऊन असा दाबला, की हैबतीला ढेकर आला. खोटं वाटेल, पण पुढच्या रांगा उठून पळाल्या, हलगीवाल्यानं हलगी टाकली आणि तो गडी डोळे फिरवून उताणा पडला. हैबतीनं नुसतं त्याच्यावर बसायचं काम केलं.

वस्तादांना आनंदानं रडू फुटलं. "आजपास्नं पाय भाजायचं बंद! थंडी सरंपर्यंत रोज हेच सूप!"

हैबतीनं खांद्यावरची गदा खाली उतरवली.

"वस्ताद, ही परत देऊन आलो तर चालंल का?"