टपावर किती किलो?

"टपावर पंच्याहत्तर किलो, आजी. त्याच्यावर एक किलोबी नाई!" ड्रायव्हर ललित म्हणाला. अचलपुरातल्या अडत्याच्या काट्यावर बुद्धमूर्ती ब्याण्णव भरली होती. गाडी बायकांनी गच्च. तिकडे गावात नव्या विहारापुढे बँड सुरू झालेला. मूर्तीसोबतच गावात शिरायचं, हे चतुराबाईनं तीन वर्षांपासून ठरवून ठेवलं होतं. तीच खिडकीजवळच्या सीटवरून उतरली. "बुद्धाले टपावर काहून? इथं बसव!" मूर्ती बसली; ललितनं बेल्टही लावला. "अन् तू वं, आजी?" चतुराबाई काट्यावर चढली. बेचाळीस! "बसतो ना मंग मी टपाच्या हिशोबात?" "हायवेवर टपावर माणूस? माहं लायसन जाईन!" "फाट्यापर्यंत येतो ना मी एसटीनं. तिथून हळूहळू चालव, बाबू." फाट्यापासून गाडी माणसाच्या चालीनं निघाली. गावानं आधी पाहिली टपावरून फुलं उधळणारी चतुराबाई; मग खिडकीत, बेल्ट लावून शांत बसलेले बुद्ध.